माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत कसा बसवायचा?

प्रश्न: गावातल्या काँक्रीट रस्त्याची माहिती ग्रामपंचायतीकडे मागायची आहे. मसुदा दोन पानांवर गेलाय. रस्ता लगेच का उखडला, ठेकेदार कोण, बिल किती निघालं, शिवाय नळ योजनेचा खर्च. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर १: नळ योजना आधी काढा. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दोन विषय घातलेत तर अधिकारी पहिल्यापुरतं उत्तर देऊन बाकीसाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. त्यापेक्षा दहा रुपयांचा आणखी एक कोर्ट फी स्टॅम्प लावलेला बरा.

'का उखडला' हेही काढा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे दप्तरात असलेली माहितीच मिळते, कारणं शोधून लिहून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. तिथे कागदाचं नाव घाला: काँक्रीट चाचणीचा अहवाल.

उत्तर २: मजकूर एवढाच पुरे:

'विषय: वॉर्ड क्र. २, शाळा ते मारुती मंदिर काँक्रीट रस्ता. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. तपशील: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली या कामाची पानं, अदा केलेली देयकं आणि चाचणी अहवाल यांच्या साक्षांकित प्रती.'

ठेकेदाराचं नाव कार्यारंभ आदेशात (काम सुरू करायच्या लेखी आदेशात) येतंच, वेगळं विचारू नका. 'आजवरची सर्व माहिती' तर मुळीच लिहू नका. मग 'माहिती गोळा करण्यात यंत्रणा प्रमाणाबाहेर अडकेल' म्हणत कलम ७(९) पुढे केलं जातं. खरं तर त्या कलमाने फक्त माहिती देण्याचं स्वरूप बदलता येतं, नकार देता येत नाही. पण हा वाद घालण्यात महिने जातात. मोजमाप पुस्तिका (एम.बी., म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) बांधकाम उपविभागात असेल, तर अर्जाचा तेवढा भाग ग्रामपंचायतीनेच कलम ६(३) नुसार पाच दिवसांत तिकडे पाठवायला हवा.

प्रश्नकर्ता: उखडलेल्या रस्त्याचे फोटो आणि माहिती कशासाठी हवी ते लिहू का?

उत्तर १: दोन्ही नको. कलम ६(२) नुसार कारण सांगावं लागत नाही. फोटो गटविकास अधिकाऱ्यांकडच्या तक्रारीला जोडा. ती स्वतंत्र द्या, नाहीतर अर्जच तक्रार समजून बाजूला पडतो.

आणि पाठवण्याआधी यादी पुन्हा तपासा. ३० दिवसांत माहिती आली नाही, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करता येतं, पण मूळ अर्जात नसलेला कागद तिथे मागता येत नाही.