जंक रिगची बोट वाऱ्यावर किती चढते हे नेमकं मोजायचं कसं?

मालवा_शीड (इंदूर)
नमस्कार मंडळी. दोन वर्षं रविवार-रविवार खपून प्लायवूडची १४ फुटी बोट बांधली, शीड जंक पद्धतीचं, म्हणजे चिनी जहाजांना असायचं तसं, एकच डोलकाठी, तिला ताणाच्या तारा-बिरा काही नाहीत आणि शिडात आडवे पाच बांबू. शीड ९ चौरस मीटरचं, कापड सियागंजातून आणलेली ताडपत्री, शिवलं घरीच. बोट ट्रॉलीवर घालून इंदिरा सागरच्या बॅकवॉटरला नेतो.

वारा बाजूने किंवा मागून असला की फार सुरेख पळते, शीड कमी करायचं तर ते वर चढवणारी दोरी सैल सोडली की आपोआप घडीवर घडी बसते. पण मित्राचं एकच पालुपद, जंक रिग वाऱ्यावर चढत नाही, म्हणजे समोरच्या वाऱ्याकडे तिरकी तिरकी पुढे जात नाही, काढ ते आणि साधं त्रिकोणी शीड लाव. मला नुसत्या म्हणण्यावरून काढायचं नाहीये, आकडा बघायचाय.

म्हणून गेल्या रविवारी मोबाइलचं जीपीएस चालू ठेवून दोन्ही टॅकवर, म्हणजे वारा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून घेऊन, जमेल तितकी वाऱ्याकडे धरून चालवली. हवामानाच्या ॲपवर वारा पश्चिमेचा होता, तोच धरला. वेग दोन्हीकडे सव्वातीन नॉटच्या आसपास. एका टॅकवर मार्ग वाऱ्याशी ४५ अंशांवर आला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने खरी प्रगती, ज्याला व्हीएमजी म्हणतात, ती २.३ नॉट. दुसऱ्या टॅकवर कोन ७३ आणि व्हीएमजी जेमतेम १. एकच बोट एका बाजूला इतकी चांगली आणि दुसऱ्या बाजूला इतकी वाईट कशी असेल? शीड डोलकाठीच्या एकाच बाजूला असतं म्हणून का?

खडकवासला_जुना (ग्वाल्हेर)
शीड नंतर बघू, आधी वारा बघा. ॲपवरचा वारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो हो, तुमच्या पाण्यावरचा नाही, टेकडीमागून आला की सहज १०-१५ अंश फिरतो.

तुमचे दोन कोन घ्या, ४५ आणि ७३. बेरीज ११८, निम्मे ५९. म्हणजे खरा वारा तुम्ही धरला त्यापेक्षा १४ अंश सरकलेला होता आणि बोट दोन्हीकडे साधारण ५९ अंशांवरच चालत होती. आता २.३ आणि १ ची सरासरी काढा, १.६५. सव्वातीन नॉटला ५९ अंशांचा कोसाइन लावा, तिथेही १.६५ च्याच जवळ येतं. तुमची बोट एका बाजूला लंगडी नाहीये, वाऱ्याची दिशा चुकीची धरली गेली एवढंच.

हे कागदावर एकदा करून बघाच. समजा बोट खरी ५० अंशांवर चालते. वाऱ्याच्या दिशेत १० अंशांची चूक झाली तर एका टॅकवर कोसाइन ४० चा लागेल, ०.७७, दुसऱ्यावर ६० चा, ०.५०, आणि खरा आहे ०.६४. एकट्या टॅकवर वीस टक्क्यांची चूक! पण दोन्हींची सरासरी घेतली की ०.६३, चूक दीड टक्क्याची. म्हणून एका टॅकचा आकडा कुणी कितीही छातीठोक सांगितला तरी मी धरत नाही. दोन्ही टॅक, लागोपाठ, सारखा वेळ, आणि वाऱ्याची दिशा तुमच्याच दोन मार्गांच्या मधोमध.

आम्ही खडकवासल्याला एनडीएत कॅडेट असताना तिथल्या पीकॉक बेला एंटरप्राइज जातीच्या छोट्या शिडाच्या बोटी चालवायचो, तेव्हा जीपीएस कुठलं आलंय, पण एक सवय लावली होती ती आजही उपयोगी पडेल. प्रत्येक टॅकवर बोट स्थिर झाली की होकायंत्र वाचून लिहून ठेवायचं. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची दिशा होकायंत्र सांगतं, बोट प्रत्यक्षात गेली कुठे ते जीपीएस सांगतं. या दोन्हींतला फरक म्हणजे बोट बाजूला किती घसरली. तो आकडा तुमच्या पोस्टमध्ये नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे.

राजवाडा_ते_रेवा (इंदूर)
भिया, इतकं कशाला, ॲपमध्ये जास्तीत जास्त व्हीएमजी दाखवतंच की, तोच आकडा मित्राला पाठवून दे ना.

बडोदेकर_वल्हं (वडोदरा)
@राजवाडा_ते_रेवा तो आकडा नका वापरू हो. बोट वेगात असताना नाळ एकदम वाऱ्यात वळवली तर पाच-सात सेकंद ती जुन्या वेगावरच वर सरकते आणि ॲप तेवढंच पकडून ठेवतं, मग वेग मरतो ते त्यात दिसत नाही. सरासरीच हवी, आणि तीही वळण्यात वाया गेलेला वेळ धरून.

मालवा_शीड, माझी पद्धत सांगतो. दोन खुणा टाका. रिकामे पाच लिटरचे कॅन, खाली विटा, दोरी खोलीपेक्षा थोडी लांब. एक खूण दुसरीच्या अगदी वरच्या वाऱ्याला, ५००-६०० मीटरवर. खालून वर टॅक मारत जायचं, घड्याळ लावायचं, अंतर भागिले वेळ. ६०० मीटरला १० मिनिटं लागली तर सेकंदाला १ मीटर, म्हणजे जवळजवळ २ नॉट. यात वळण्याचं नुकसान आपोआप येतं, आणि वारा १० अंश सरकला तरी अंतरात फरक दीड टक्क्याचाच.

पण वारा दर तासाला वेगळा असतो, त्यामुळे आजचे १० मिनिटं आणि पुढच्या रविवारचे १० मिनिटं यांची तुलना करू नका. काहीही बदलून बघायचं असेल तर त्याच दुपारी आलटून पालटून करा, जुनं, नवं, जुनं, नवं. दुसरी ओळखीची बोट शेजारी चालवता आली तर सोन्याहून पिवळं, कारण वारा दोघांना एकच मिळतो. वारामापक नसेल तर पाणी बघा, तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की ७ ते १० नॉट धरायचा.

आता जंकचं. लोक सगळा दोष शिडाला देतात आणि त्यात तथ्य आहेच, कारण जुन्या पद्धतीने सपाट शिवलेलं शीड बांबूंनी आणखी सपाट राहतं, पोट नाही तर ओढ कमी. शीड डोलकाठीला टेकतं ती टॅक थोडी कमी असू शकते, पण २.३ आणि १ इतकी नाही. मात्र हेही लक्षात घ्या, ब्लाँडी हॅसलर १९६० च्या पहिल्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत 'जेस्टर' नावाची २५ फुटी जंक रिगची बोट घेऊन उतरले होते, प्लिमथहून न्यूयॉर्क, त्या वाटेवर वारा बहुतेक समोरचाच, ४८ दिवसांत पोचले आणि दुसरे आले. पहिल्याला ४० लागले. चढतच नाही असं कसं म्हणायचं? तुमच्या बोटीत मला पाण्याखालच्या फळीचा, बोटीला बाजूला घसरू देत नाही तिचा, संशय आहे. केवढी आहे ती?

आणि शिडाच्या मागच्या कडेला प्रत्येक बांबूच्या टोकाशी जुन्या कॅसेटची फीत बांधा, वीतभर. सरळ मागे फडफडली तर वारा शिडावरून नीट वाहतोय, शिडामागे वळून चिकटली तर शीड आत ओढायची दोरी जास्त ओढली गेलीय, थोडी सोडा. पुढच्या कडेला बांधून उपयोग नाही, तिथे डोलकाठीमुळे वारा आधीच घुसळलेला असतो.

लाइफ जॅकेट घालता ना? २०२४ च्या जानेवारीत आमच्या हरणी तलावात बोट उलटून शाळेची मुलं बुडाली तेव्हापासून मी हे प्रत्येकाला विचारतो.

मालवा_शीड (इंदूर)
घालतो दादा, आणि काठावर भाऊ दुसरी नाव घेऊन थांबलेला असतो. फळी पाण्यात ४५ सेंटीमीटर जाते. ७० ची नवी करतोय, खोबणीतून वरूनच आत सरकते त्यामुळे पाण्यातच बदलता येईल. करून सांगतो.

मालवा_शीड (इंदूर)
तीन आठवडे लागले पण झालं. खुणा ६०० मीटरवर, तुरळक पांढरे तुरे, चार फेऱ्या, छोटी फळी, लांब, छोटी, लांब. मी सुकाणूवर, बायको वहीत होकायंत्र लिहीत होती, ओल्या हातांनी अर्धी पानं फुगली पण आकडे वाचता येतात.

छोटी फळी: जीपीएसवर दोन टॅकमधला कोन ११८, होकायंत्रावर ९२. म्हणजे प्रत्येक बाजूला १३ अंश घसरत होतो! वर पोचायला साडेबारा मिनिटं, दोन्ही वेळा दहा-बारा सेकंदांच्या फरकाने.

लांब फळी: जीपीएसवर १०४, होकायंत्रावर तेच ९२. घसरण ६ अंश. वेळ १० मिनिटं २० सेकंद आणि १० मिनिटं ३५.

नाळ दोन्ही वेळा तेवढीच वर बघत होती, शिडाला हातही लावला नव्हता. वळण्याचा वेळ वगळून, मधल्या सरळ पट्ट्यांवर व्हीएमजी छोट्या फळीने १.६५ आणि लांबने २.०३ येते. खडकवासला काका, तुम्ही पहिल्याच दिवशी कागदावर काढलेला १.६५ पाण्यावर परत आला तेव्हा मी भावाला हाक मारून दाखवला.

शीड डोलकाठीला टेकतं त्या टॅकवर वेग ३.२, दुसऱ्यावर ३.३५. फरक आहे, पण एवढाच. कॅसेटच्या फितींनी मात्र डोळे उघडले, वरच्या दोन सारख्या मागे वळत होत्या, मी पूर्ण वेळ दोरी जास्त ओढून बसलो होतो. हे दुसऱ्या फेरीनंतर दिसलं पण तुलना बिघडू नये म्हणून मुद्दाम तशीच ठेवली.

खडकवासला_जुना (ग्वाल्हेर)
तशीच ठेवली हे फार चांगलं केलंत, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वहिनींना सांगा, पुढच्या वेळी पेन्सिल आणि प्लास्टिकची पाटी. पुढच्या फेरीत फक्त दोरी, लांब फळी कायम. मग शीड उसवून कापडात पोट घालायचं, प्रत्येक दोन बांबूंमध्ये थोडं जास्तीचं कापड, रुंदीच्या आठेक टक्के खोल. जुनं शीड फेकू नका, तुलनेला लागेल.

मालवा_शीड (इंदूर)
नवीन ताडपत्री उद्याच आणतो. बांबू तेच ठेवू ना काका, की तेही बदलू?

खडकवासला_जुना (ग्वाल्हेर)
बांबू तेच.