कॉलेजातलं खगोलशास्त्र : ज्यांनी पेपर दिलाय त्यांनी लिहा

भाचीने यंदा ओपन इलेक्टिव्ह म्हणून खगोलशास्त्र घेतलंय. तिच्या डोळ्यांपुढे रोज रात्री दुर्बीण आणि शनीची कडी. आपल्या खान्देशातल्या मंडळींनी खरं काय ते सांगा.

भुसावळकर : दुर्बीण अख्ख्या सेमिस्टरमध्ये दोनदा. बाकी लॉगॅरिदम! ताऱ्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो त्याचा आकडा, हा उलटा कारभार, आकडा मोठा तर तारा मंद. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून 100 पट तेजस्वी. इंटर्नलला मी सगळं उलटं लिहून आलो, 10 पैकी 3. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आत्ताच घेऊन द्या.

अमळनेरची लेक : मी बी.ए.ची, तरी निभावलं. प्रॅक्टिकलला ध्रुवताऱ्याची उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, मोजायची होती. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला चिकटवलेली स्ट्रॉ, मधोमध दोरा आणि दोऱ्याला सायकलचा नट. 90 मधून दोऱ्याचा आकडा वजा करायचा. पहिल्या रात्री उत्तर 26, कारण वाऱ्याने नट झोके घेत होता. तिसऱ्या रात्री 21. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच गावाचे अक्षांश, नकाशात पाहिले तर तेही 21! खालून आजीचं चालूच, "इतल्या रातले काय दखस वं?"

चोपडा, केळीवाले : जूनमध्ये वडील म्हणाले, "मृग लागला, दाखव तुझा मृग." मी गच्चीवर नेलं, ढग नव्हते, तरी मृग सापडेना. लाज वाटली. सरांना विचारलं तर हसले. मृग लागला म्हणजे सूर्यच मृग नक्षत्रात आला, मग तो सूर्याबरोबरच उगवणार आणि मावळणार, रात्री दिसेल कसा? डिसेंबरात केळीला रात्रपाळीचं पाणी द्यायला गेलो तेव्हा वडिलांना डोक्यावर दाखवला. हरणाच्या पोटातला बाण त्यांनीच आधी ओळखला. परीक्षेत यावर काहीच आलं नाही, ते सोडा.

चाळीसगाव : आमची सहल पाटणादेवीला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, हे सांगणारा शिलालेख तिथलाच. निम्मा वर्ग धबधब्यावर होता.

भुसावळकर : एक राहिलं. आमच्याकडे दुर्बीण पौर्णिमेला लावली होती. चंद्र नुसता पांढरा तवा, सावल्याच नाहीत, विवरं दिसणार कुठून? भाचीला सांगा, अष्टमीच्या आसपास मागून घे. शनीची कडी मात्र दिसते, ज्वारीच्या दाण्याएवढी, पण दिसते.