मदत हवी आहे: मॉर्गन एकाच वेळी दोन ठिकाणी कसा?

शब्दवेडी: अंकाचा लेख परवा द्यायचाय आणि तारखा जुळत नाहीयेत. जानेवारी १८५९ मध्ये मॉर्गन गव्हर्नर झाला, मग मार्चपर्यंत अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (संसदेत) कसा? वेल्स फार्गो कंपनीचा अध्यक्षही तोच का? लवकर सांगा प्लीज.

रानवारा: कोणता मॉर्गन? कुठला गव्हर्नर? जरा नीट लिहा की.

मुंबईकर७: जे. पी. मॉर्गन असेल.

शब्दवेडी: जे. पी. नाही हो! न्यूयॉर्कचा, ई. मॉर्गन. किराणा व्यापारी.

जुनीबखर: ही दोन माणसं आहेत, चुलतभाऊ. एडविन डेनिसन मॉर्गन (१८११-१८८३) हार्टफर्डला काकांच्या किराणा दुकानात नोकर, मग भागीदार, एकविशीत नगरसेवक. १८३६ ला न्यूयॉर्कला येऊन साखर-कॉफीचा घाऊक व्यापार, पुढे मिसूरी राज्याचे कर्जरोखेही विकले. १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत तो शहराच्या कारभारात होता, मग न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात), १८५९ ते १८६२ त्याच राज्याचा गव्हर्नर. काँग्रेस आणि वेल्स फार्गोवाला तो एडविन बार्बर मॉर्गन, ऑरोरा गावचा. तुमच्या टिपणात 'डी' आणि 'बी' एकत्र झालेत.

रानवारा: व्यापारी राजकारणात येतात ते कंत्राटांसाठीच. याच घरातल्या जॉर्ज मॉर्गनने यादवी युद्धात नौदलासाठी जहाजं घेताना अडीच टक्के दलाली खाल्ली, अमेरिकेच्या सिनेटमध्ये गदारोळ झाला.

जुनीबखर: जॉर्जचं पाप एडविन 'डी'च्या माथी कशाला? एडविनने गव्हर्नर असताना दोन लाखांवर सैनिक उभे केले. माल वेळेत पोचवायची व्यापाऱ्याची सवयच तिथे कामी आली, असं माझं ठाम मत आहे. लिंकनने १८६५ मध्ये अर्थमंत्रीपद देऊ केलं, तेही त्याने नाकारलं. कंत्राटखाऊ माणूस तिजोरीला नाही म्हणेल का?

रानवारा: जॉर्ज एडविन 'डी'च्या पेढीतला भागीदार होता, एवढं तरी लिहा.

शब्दवेडी: जुनीबखर, खूप आभार, अडलेलं सुटलं. जॉर्जची भागीदारीही घेते, ती टाळली तर लेख एकतर्फी होईल. आता एकच: रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा पहिला अध्यक्ष 'डी' की 'बी'?

जुनीबखर: 'डी'. १८५६ ते १८६४.

रानवारा: कुठला अंक?