विषय: क्योतोत माचिया घेतलंय, आईबाबा आणि पोरं सोबत

नमस्कार मंडळी,
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा पुण्याहून जपानला येतायत. हॉटेलं फारच महाग पडत होती म्हणून क्योतोत तीन रात्रींसाठी जुनं माचिया, म्हणजे पारंपरिक लाकडी घर, भाड्याने घेतलंय. मालकांनी नियमांचं चार पानी पीडीएफ पाठवलंय, ते ऐकूनच आई म्हणते, "नको गं बाई, आपल्या हातून काही मोडलं तर?" ज्यांनी राहून बघितलंय त्यांनी सांगा, तिथे नेमकं कशाकशाला जपायचं?
— निशी-कसाई

ताई,
आईंना सांगा घाबरू नका. चपला गेनकानमध्ये, म्हणजे दारातल्या प्रवेशाच्या जागेत, काढायच्या, हे त्यांना शिकवायला नकोच. फक्त तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवताच्या जाड चटयांवर, स्लिपरसुद्धा नको, आणि टॉयलेटच्या स्लिपर टॉयलेटमध्येच राहू द्यायच्या. आंघोळ टबाबाहेर करायची, स्टुलावर बसून तांब्यासारख्या भांड्याने, आईंना आपलं न्हाणीघरच वाटेल, मग स्वच्छ होऊन टबात.

आम्ही मागे सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा ह्यांनी चाकांची बॅग तातामीवरून ओढत नेली आणि गवताच्या विणीवर दोन समांतर ओरखडे उठले, तूस बाहेर आलेलं. मी लगेच फोटो काढून मालकीणबाईंना पाठवला, वरची चटई बदलायचे पैसे भरले, त्याला ओमोतेगाए म्हणतात. त्या अजिबात रागावल्या नाहीत, उलट लगेच सांगितलंत म्हणून आभार मानले. तेव्हा काही झालंच तर लपवू नका. बॅगा उचलून लाकडी फरशीवर ठेवा, आणि भिंतीतला तो उंचवट्याचा कोनाडा असतो ना, तोकोनोमा, त्यावर पोरांना चढू देऊ नका, सामानही नको.

पण सगळ्यात जपायचं ते शेजाऱ्यांना, हे मी अगदी कळकळीने सांगते. घरं एकमेकांना चिकटून, बऱ्याच ठिकाणी भिंती मातीच्या, आत बांबूची जाळी. पलीकडे कोणीतरी म्हातारं माणूस एकटं राहत असतं. इथे रात्रीचे 11 वाजतात तेव्हा भारतात साडेसात, सगळ्यांचे फोन नेमके तेव्हाच येतात आणि आपण स्पीकर लावून बोलतो! नऊनंतर व्हिडिओ कॉल नको. गल्लीतसुद्धा बॅग उचलूनच न्या. सकाळी शेजारच्या आजी दारापुढे झाडताना दिसतील, आपल्या दारातलं थोडंसंही झाडतात, तिथली पद्धतच आहे ती. आईंना वाकून "ओहायो गोझाइमासु" (सुप्रभात) म्हणायला शिकवा, त्यांना फार बरं वाटतं.
— ओसाका

ओसाकाच्या ताईंनी छान लिहिलंय, माझे दोन शब्द. देवापुढे निरांजन लावू नका, बॅटरीचा दिवा आणा. सगळं लाकूड आणि कागद, गल्ल्या अरुंद, बऱ्याच घरांपुढे पाण्याच्या लाल बादल्या भरून ठेवलेल्या दिसतील त्या आगीसाठीच. फोडणीही टाळा, वास तातामीत मुरतो आणि पुढच्या पाहुण्यापर्यंत राहतो. भात, दही, मेतकूट, तीन दिवस सहज निघतात.

आणि जिना शिडीसारखा उभा असतो हो. काकांचे गुडघे कसे आहेत? त्यांचा फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, खालच्या मजल्यावरच घाला.
— नागोया

दोघांचे मनापासून आभार. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिन्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच मालकांना विचारते, खालच्या खोलीत बुटकी खुर्ची मिळेल का. मेतकूट आईकडून मागवलंय, आणि ओहायो गोझाइमासुचा सराव कालपासून फोनवर सुरू आहे.
— निशी-कसाई