जर्मनीत एवढ्या पवनचक्क्या, एवढं सोलर, मग संध्याकाळी गल्लीत लाकडाचा धूर कसा?

लोकमान्यनगरचे_काका

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. यंदा नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही दोघं लेकीकडे होतो, स्टुटगार्टजवळच्या एका गावात. विमानतळावरून घरी जातानाच डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या, निम्म्या घरांवर सोलर, बघून खूप बरं वाटलं, कारण हिला दमा आहे आणि इंदूरला दिवाळीनंतर हिचे फार हाल होतात. वाटलं तीन महिने तरी मोकळा श्वास घेईल. पण तिथे संध्याकाळी पाच वाजता अंधार पडला की गल्लीभर लाकडं जळल्याचा वास, अगदी आपल्याकडे लग्नाच्या मांडवामागे भट्टी पेटते तसा. घरोघरी लाकडाची शेगडी, लेकीच्याही दिवाणखान्यात आहे. हिचा खोकला डिसेंबरात वाढलाच.

जावईबापू म्हणाले, बाबा लाकूड रिन्यूएबल आहे, झाड परत उगवतं, सरकार त्याला चांगल्यातच मोजतं. मी गप्प बसलो पण मनातून जाईना. तर मला विचारायचंय की युरोपातलं प्रदूषण खरंच कमी झालंय का, आणि झालं असेल तर ते सोलर-वाऱ्यामुळे की कारखाने चीनला पाठवल्यामुळे? आणि रिन्यूएबल म्हणजे श्वासाला चांगलं, असं धरून चालायचं का?

वीजखात्यातला_निवृत्त

काका, कमी झालंय, आणि बरंच झालंय. पण आधी एक गोष्ट वेगळी काढा, वीज आणि एकूण ऊर्जा. पेपरात दोन्ही आकडे मिसळून छापतात आणि लोकांचा गोंधळ होतो. युरोपियन युनियनमध्ये २०२४ ला विजेचा साधारण ४७ टक्के भाग रिन्यूएबलचा होता, आणि त्याच वर्षी पहिल्यांदा सोलरची वीज कोळशाच्या विजेपेक्षा जास्त झाली, मी सबस्टेशनवर लागलो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. ब्रिटनने (आता युनियनमध्ये नाही तरी) ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशाचं केंद्र बंद केलं, आणि कोळशाच्या सार्वजनिक विजेची सुरुवात तिथेच लंडनला १८८२ साली झाली होती.

पण एकूण ऊर्जा धरली, म्हणजे गाड्या, कारखाने, घरं तापवणं सगळं, तर रिन्यूएबलचा वाटा २००४ मध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होता तो २०२३ मध्ये साडेचोवीस झाला. २०३० चं टार्गेट ४२.५ आहे. म्हणजे तारेतली वीज बरीच बदलली, बाकीचं अजून गॅस आणि तेलावरच चाललंय.

हवेचं म्हणाल तर सल्फर डायऑक्साइड २००५ पासून तीन चतुर्थांशाहून जास्त घटला, नायट्रोजन ऑक्साइड साधारण निम्मे झाले. पण याचं सगळं श्रेय सोलरला देऊ नका हं, कोळशाच्या चिमणीवर गंधक धुऊन काढणारी यंत्रं बसवायला भाग पाडलं, डिझेलमधलं गंधक काढलं, जुनी केंद्रं बंद केली, हे सगळं वर्षानुवर्षं कायद्याने झालंय. ॲसिड रेनने, म्हणजे या वायूंमुळे आम्लधर्मी झालेल्या पावसाने, स्कँडिनेव्हियातले तलाव मरायला लागले तेव्हा १९७९ ला जिनिव्हात देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणावर करार झाला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

सुदामानगर_शिक्षिका

काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे, आणि ते शाळेत मी मुलांना दरवर्षी सांगते म्हणून जरा तळमळीने लिहितेय. रिन्यूएबल हा शब्द इंधन परत मिळतं का एवढंच सांगतो. ते जाळताना तुमच्या छातीत काय जातं याबद्दल तो काहीच सांगत नाही. वारा आणि ऊन जळत नाहीत, लाकूड जळतं. युरोपातल्या एकूण रिन्यूएबल ऊर्जेत निम्म्याहून जास्त वाटा जैविक इंधनाचा आहे, त्यात लाकूड सगळ्यात मोठं, आणि हिशोबात लाकडाच्या धुरातला कार्बन ऊर्जेच्या खात्यात शून्य धरतात कारण तो जंगल तोडल्याच्या खात्यात मोजायचा असतो. फुप्फुसाला अशी दोन खाती नसतात.

युरोपियन युनियनच्या पर्यावरण संस्थेनेच हे मांडलंय, की २००५ नंतर रिन्यूएबल वाढल्यामुळे सल्फर आणि नायट्रोजनचे वायू घटले, पण लाकूड वगैरे जाळणं वाढल्याने बारीक धूळ, म्हणजे पीएम २.५, उलट जास्त निघाली. आज युरोपातल्या पीएम २.५ पैकी निम्म्याहून जास्त घरं आणि इमारती तापवण्यातून येते. कारखान्याची चिमणी उंच असते, तिला फिल्टर असतो, घराचं धुराडं छपराच्या जरा वर आणि शेजारच्या खिडकीसमोर. त्यात हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, आणि स्टुटगार्ट तर वाटीसारख्या खोलगट जागेत आहे, धूर जाणार कुठे.

पोलंडमधल्या क्राकोवने १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी घातली. दोन्ही बरं का!

माळव्याची_लेक_डेल्फ्टमध्ये

काका मी मूळची आपल्या इंदूरचीच, आता हॉलंडला असते. कारखान्यांबद्दल तुमची शंका खरी आहे पण अर्धीच. युनियनचा ऊर्जावापर २००६ च्या सुमारास सगळ्यात जास्त होता, नंतर उतरत गेला, त्यात काही जड उद्योग बाहेर गेले हे आहेच, म्हणून तर आता बाहेरून येणाऱ्या पोलाद-सिमेंटवर कार्बनचं शुल्क आणलंय, २०२३ ला नुसती माहिती देण्यापासून सुरुवात झाली. पण घरांच्या भिंतींना इन्सुलेशन, चांगल्या खिडक्या, हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर आत ओढून घर तापवणारं यंत्र) हेही खरंच झालंय, आणि २०२२ ला रशियाचा गॅस तुटला तेव्हा लोकांनी थर्मोस्टॅट खाली आणले, आम्ही त्या हिवाळ्यात घरात स्वेटर घालून बसायचो. त्याच वर्षी गॅस महागला म्हणून पुष्कळ जणांनी लाकडाची शेगडी पुन्हा पेटवली, हेही डोळ्यांनी पाहिलंय.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही ती म्हणजे अमोनिया. तो जवळजवळ सगळा शेती आणि गुरांच्या शेणमुतातून येतो, हवेत दुसऱ्या वायूंशी मिळून त्याचीही बारीक धूळ होते, आणि सगळ्या प्रदूषकांत हाच सगळ्यात कमी घटलाय. इथे २०१९ मध्ये याच अमोनियातल्या नायट्रोजनवर बंधनं येणार म्हणून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर हायवेवर आणले होते. कितीही पवनचक्क्या लावा, त्याला काही फरक पडत नाही.

काकूंसाठी कामाची गोष्ट, जर्मनीत १९९५ ते मार्च २०१० मध्ये बसवलेल्या शेगड्यांना २०२४ अखेरपर्यंत धुराची मर्यादा पाळायची होती नाहीतर बदलायची किंवा बंद करायची. शेगडीवर मागे पाटी असते, जावईबापूंना वर्ष बघायला सांगा. चिमणी तपासणारा माणूस येतो त्यालाही विचारता येईल.

वीजखात्यातला_निवृत्त

ताईंचं बरोबर. आणि एक आपल्या गावचं जोडतो. इंदूरच्या देवगुराडियाचा कचऱ्याचा प्लांट फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून बायो-सीएनजी बनतो आणि सिटी बस चालतात. तोही कागदावर "जैविक इंधन"च. पण तिथे कचरा बंद टाकीत कुजवून गॅस काढतात, तो जळताना काजळी जवळपास नाही. आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर सकाळी झाडून गोळा केलेल्या पाल्याचा ढीग पेटवतात तेही जैविकच. एकाच शब्दात दोन्ही बसवले तर कसं चालेल भिया? आपली पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे, युरोपची आत्ता २५ आणि २०३० पासून १०, जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. आपल्याला तर असला पाला पेटवणं अजिबातच परवडणारं नाही.

लोकमान्यनगरचे_काका

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं, हिलाही वाचून दाखवलं. काल लेकीला फोन लावला, तिने शेगडीमागे टॉर्च मारून फोटो पाठवला, वर्ष २०१३. म्हणजे २०१० नंतरची, नियमात बसते, जावईबापूंचं चुकलं नव्हतं. पण लेक म्हणाली, आई पुन्हा येईल तेव्हा ती पेटवायची नाही, हीटरवर भागवू. गल्लीतल्या बाकीच्या घरांचं काय ते तिच्या हातात नाही. आणि आमच्या कॉलनीत पाला पेटवणाऱ्या माणसाशी मी आज सकाळी बोललो, तो म्हणाला गाडी रोज पाला नेत नाही म्हणून पेटवतो. उद्या गाडीवाल्याला गाठतो.