कडकनाथसाठी तिप्पट भाव का मोजायचा?

तात्या_रामबाग
श्रावण संपला की आमच्या ओळखीतल्या चार घरांत एकच बोलणं: "या रविवारी कडकनाथ, तो काळ्या मांसाचा कोंबडा, आणू, बीपीला चांगला असतो." माझं मत सांगतो, शिव्या खायची तयारी आहे. इंदूरच्या आसपासच्या शेडमधला कडकनाथ औषध समजून तिप्पट भावाने घेणं ही शुद्ध फसगत आहे, आणि ती आपण हौसेने करून घेतो.

2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्याच्या कडकनाथच्या मांसाला. अर्ज 2012 सालचा, म्हणजे सहा वर्षं झगडून मिळवलेलं. तिथल्या भिल आणि भिलाला या आदिवासी घरांनी परसात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही कोंबडी. बायपासच्या बाजूला पत्र्याखाली, ब्रॉयलरचंच खाद्य खाऊन वाढलेला पक्षी नुसता काळा आहे म्हणून झाबुआचा कसा? रतलामी शेव दुसऱ्या गावात तळली तर आपण नाक मुरडतो. इथे मात्र नाव ऐकलं की पाकीट बाहेर.

महूवाला
तात्या, जीआयचं पटलं, भावाचं नाही. ब्रॉयलर चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो. कडकनाथला किलोभर व्हायला पाच महिने लागतात. तेवढे दिवस दाणा घाला, लसी करा, मर सोसा. कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, तीनशेच्या वर. त्यात कडकनाथ खुडूक बसायला नाखूश, अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली ठेवा नाहीतर मशीन घ्या. शेडवाला तिप्पट मागतो तेव्हा लुटत नसतो, उलट पुष्कळ जण यात बुडालेत. सांगलीकडे 2019 मध्ये कडकनाथच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे कसे अडकले, ते सगळ्यांनी वाचलंच असेल.

औषधाचं मात्र तुमचं बरोबर. काळेपणा मेलॅनिनचा. "काळं म्हणजे लोह" हे दुकानदाराचं विज्ञान. चरबीचे जे आकडे फिरतात त्यांत कडकनाथला एक टक्का आणि ब्रॉयलरला तेरा ते पंचवीस दाखवतात. ब्रॉयलरची कातडी काढून छातीचं मांस मोजा, फरक बराच खाली येतो. बीपीवाल्याने कोंबडीची जात बदलण्याआधी रश्श्यातलं मीठ आणि वरचा तेलाचा तवंग कमी करावा.

सुखलियाची_सून
वडील झाबुआला नोकरीला होते, माझं लहानपण तिथलं. तुम्ही दोघेही शेड आणि ताट यांतच अडकलात. तिथे कोंबडी ही बाईची मिळकत. गाय-बैलाचा हिशेब नवऱ्याकडे, कोंबडीचा तिच्याकडे. पोराची वही हवी, कोणी आजारी पडलं, की एक डालग्यात घालून हाटात न्यायची. नड असते म्हणून व्यापारी पाडून मागतो. तोच पक्षी इंदुरात कितीला जातो ते तिला कळतही नाही.

म्हणून तात्या, "घेऊ नका" हा उपाय मला मान्य नाही. आपण घेणं थांबवलं तर आधी तिचाच पक्षी पडून राहील, शेडवाला दुसरं काहीतरी पाळेल. घ्या, पण झाबुआच्या बायकांच्या गटाकडून घ्या. आणि खरंच कळवळा असेल तर मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, लसीसाठी भांडा. त्याची साथ आली की पाड्यातली खुराडी आठवड्यात रिकामी होतात. ती लस महाग नाही, वेळेवर पोचत नाही.

तात्या_रामबाग
ताई, गटाचा पक्षी आणि व्यापाऱ्याचा पक्षी इथे पिंजऱ्यात बघून ओळखायचा कसा? दोन्ही काळेच. धोनीने रांचीसाठी 2000 पिल्लं मागवल्याची बातमी आली तेव्हा तर जो तो झाबुआचा झाला होता.

छप्पनचा_बेंजो
सगळे मांसावरच! मी अंडेवाला माणूस. कडकनाथचं अंडं काळं असतं म्हणून कोणी विकत असेल तर पळा, ते फिकट बदामी असतं. आपल्या इंदुरी बेंजोत, म्हणजे अंडं घातलेल्या पावात, जातं ते पांढरं अंडं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं. तिला मिळणारी जागा एका ए-फोर कागदापेक्षाही कमी. त्याच जातीची नर पिल्लं अंड्यातून निघाल्या दिवशीच मारतात, कारण ती ना अंडी देतात ना मांसाला परवडतात. त्याच्यापुढे तात्यांची पत्र्याची शेड स्वर्ग आहे.

नर्मदे_हर
आता अंडं आलं, म्हणजे कोणीतरी अंगणवाडी काढणार.

सुखलियाची_सून
काढतेच. 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंहांनी अंगणवाडीत अंडं देणार नाही म्हणून सांगितलं. 2019 मध्ये तेव्हाच्या महिला-बालविकास मंत्री इमरती देवींनी द्यायचं म्हटलं तर केवढा गदारोळ. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि त्याला सालपट असल्यामुळे भेसळ करता येत नाही. ज्या जिल्ह्याच्या कोंबडीला जीआय, त्याच जिल्ह्यातल्या पोराच्या ताटलीत अंडं नको?

नर्मदे_हर
ज्यांच्या घरी चालत नाही त्यांच्या मुलांनी काय करायचं? दूध द्या, चणे-गूळ द्या.

सुखलियाची_सून
नको असेल त्याला दूध द्या की. पण भिलाच्या घरी अंडं चालतं, आणि नको म्हणणारे बहुतेक भोपाळ-इंदूरचे.

महूवाला
दुधात पाणी घालता येतं, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. तात्या, तुमच्या पिंजऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर: बघून नाही ओळखता येत. वय विचारा. तीन महिन्यांत तयार झाला असं म्हणाला तर तो संकर आहे, तिप्पट भाव देऊ नका.

तात्या_रामबाग
आणि पाच महिने म्हणाला तर?

महूवाला
तर कुकरला जास्त शिट्ट्या लावा. मांस चिवट निघालं तर खरं बोलला.