आसगावातला अमेरिकन ब्रंच: चौघांत मिळून काय मागवावं?

म्हापसेकरीण

भाचा नॉर्थ कॅरोलिनाहून सुट्टीवर आलाय. तिकडे नोकरीला लागल्यापासून रविवारी अकरा वाजता न्याहारी आणि जेवण एकदमच उरकायची सवय लागली आहे त्याला. येत्या रविवारी तो आम्हांला आसगावच्या एका अमेरिकन हॉटेलात नेतोय. मेनूचा फोटो पाठवलाय, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बिस्किट अँड ग्रेव्ही, चिकन अँड वॉफल, श्रिंप अँड ग्रिट्स, एग्ज बेनेडिक्ट, मॅक अँड चीज, कॉर्न्ड बीफ हॅश, हॅश ब्राऊन, पॅनकेक. पाचशेच्या खाली फारसं काही नाही. म्हणून एकेकाने एकेक घेऊन फसण्यापेक्षा सगळं मधोमध ठेवून चाखायचं ठरलंय.

सासूबाई मासळी, कोंबडी, अंडं खातात; बीफ आणि डुक्कर ताटाच्या आसपासही चालत नाही. आमच्या ह्यांना रविवारी पातळ भाजी आणि पाव लागतोच, तो खाऊनच ते गाडीत बसणार हे मी आताच लिहून देते. भाच्याला विचारावं तर म्हणतो, "मामी, सगळंच मस्त असतं." या उत्तराचं मी काय करू? कशात काय असतं आणि चौघांत काय घेतलं तर पैसे वसूल होतील, ते जाणकारांनी सांगा.

दिवाडकर

बटाटा किसून तव्यावर भाजतात आणि त्याचे पाचशे घेतात. तुमच्या ह्यांचं बरोबर आहे. म्हापशाच्या बाजारात भाजी-पाव, वर एक मिरची भजी, घरी येऊन हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात. झाला ब्रंच.

पेडण्याचा तारवटी

दिवाडकरभाई, ताईंनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय!

ताई, मी मायामीहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात होतो, त्यातली बरीच वर्षं सकाळच्या अंड्यांवर. तुमच्या यादीतला एकूण एक पदार्थ हाताखालून गेलाय.

पॅनकेक घेऊ नका. बिघडण्यासारखं त्यात फार नसतं आणि चांगला झाला तरी घरी येऊन सांगण्यासारखं काही उरत नाही. पोट मात्र भरतं. घेतलाच तर सिरप मेपलचं खरं आहे का ते विचारा. मेपलच्या झाडाचा साधारण 40 लिटर रस आटवला की 1 लिटर सिरप उतरतं, म्हणून ते महाग. बरेच जण मक्याच्या सिरपात रंग आणि वास घालून तेच पुढे करतात. वेटर छताकडे बघायला लागला तर काय ते समजा.

किचन जोखायचं असेल तर पहिल्यांदा बिस्किट मागवा. आपलं चहाचं नव्हे, हा पदर सुटणारा मऊ पाव. मैदा, बेकिंग पावडर, थंडगार लोणी आणि आंबट ताक, एवढंच साहित्य. पण लोणी पिठात विरघळता कामा नये, त्याचे कण तसेच राहायला हवेत. भट्टीत गेल्यावर ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पदर उचलते. आपल्या दमट हवेत लोणी बोटांतच पाणी होतं. तेव्हा गोव्यात कुणी धड बिस्किट वाढत असेल, तर आत एखादा माणूस लोणी आणि पीठ फ्रीजमध्ये घालत-काढत खपलेला असतो. सुरी लावू नका, हाताने फोडा. आडवे पदर सुटून वाफ आली तर बाकीच्या मेनूवर भरवसा ठेवा. भुगा झाला तर कॉफी पिऊन उठा. ग्रेव्ही सासूबाईंना नको: डुकराच्या सॉसेजची सुटलेली चरबी, त्यातच परतलेला मैदा, दूध आणि भरपूर मिरी. ती वेगळ्या वाटीत मागा.

एग्ज बेनेडिक्टमध्येही मफिन (गोड केक नव्हे, चपटा गोल पाव) आणि अंड्याच्या मधे डुकराचं मांस असतं. फ्लोरेंटाइन मागा, त्यात मांसाच्या जागी पालक येतो. अंडी आधीच पाण्यात शिजवून बर्फाच्या पाण्यात ठेवलेली असतात आणि ऑर्डर आली की मिनिटभर गरम पाण्यात सोडतात. जहाजावर आम्ही शेकडो अशीच काढायचो, त्यात लबाडी नाही. वरचा हॉलंडेज सॉस मात्र ताजाच हवा. अंड्याचा बलक, वितळलेलं लोणी, लिंबू. जास्त तापला तर बलक शिजून गाठी होतात, गार पडला तर लोणी थिजतं. ताट आलं की आधी कडेला बघा. पिवळं तेल वेगळं सुटून आलं असेल तर परत पाठवा, भीड बाळगू नका.

आणि जे मेनूवर कधीच लिहिलेलं नसतं ते सांगतो. बऱ्याच किचनमध्ये सपाट तवा एकच असतो. बेकन (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या) त्यावरच, हॅश ब्राऊन (किसलेल्या बटाट्याचा) त्यावरच, बीफ हॅशही त्यावरच. काही जण तर चव येते म्हणून हॅश ब्राऊन मुद्दाम बेकनच्या चरबीत करतात. टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हाच विचारा. रविवारी बाराला वेटरला विचारलंत तर तो "हो हो" म्हणून पळेल.

सगळं एकदम मागवू नका, दोन-दोन घ्या. दहा मिनिटांत मॅक अँड चीजवर, म्हणजे चीजच्या सॉसमधल्या मॅकरोनीवर साय धरते आणि वॉफल, म्हणजे साच्यात भाजलेला चौकटी-चौकटींचा कुरकुरीत केक, लोळागोळा होतो.

फोंड्याची, पूर्वी अटलांटाची

तारवटीभाईंनी ग्रिट्स कसे काय वगळले? सासूबाईंसाठी तेच आधी घ्या. वाळवलेल्या पांढऱ्या मक्याची भरड, पाण्यात किंवा दुधात मंद आचेवर शिजवलेली. आपल्याकडे अकराच्या सुमारास पेज घेतात, तसलंच पोटाला गार वाटणारं अन्न. जॉर्जियाने तर 2002 मध्ये त्याला राज्याचा अधिकृत पदार्थच करून टाकलं. वर सुंगटं (कोळंबी) घालतात ती साऊथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची पद्धत, मूळची कोळ्यांची न्याहारी. फक्त सुंगटं बेकनबरोबर परततात, तेव्हा बेकन नको असं आधी सांगायचं. ग्रिट्स जिभेला कचकचले तर ते घाईत उकडलेत.

चिकन अँड वॉफल भाच्याच्या नावावर मागवा आणि सगळ्यांनी खा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1938 मध्ये सुरू झालेल्या वेल्स नावाच्या क्लबने हे नावारूपाला आणलं. रात्री उशिरा कार्यक्रम संपवून येणाऱ्या वादकांना जेवायला उशीर झालेला असायचा आणि न्याहारीची वेळ अजून झालेली नसायची. त्याआधीपासून पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे लोक वॉफलवर शिजवलेली कोंबडी आणि ग्रेव्ही घालत. कोंबडीवर तिखट सॉस, वॉफलवर सिरप, आणि एका घासात दोन्ही. पहिला घास विचित्र लागेल, दुसऱ्याला कुणी विचारणार नाही.

कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव असेल तर साखर घातलेला घेऊ नका. तो केक.

पेडण्याचा तारवटी

साखरेवरून जहाजावर दोन अमेरिकन शेफ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. मी थोडी घालणाऱ्यांच्या बाजूचा. ग्रिट्सबद्दल तुमचं मान्य.

म्हापसेकरीण

फोन केला. पहिल्या मुलीने "सगळं हायजिनिक आहे मॅम" सांगितलं. मग मी आतल्या माणसाला बोलवायला लावलं. तो सरळ बोलला: तवा एकच, पण हॅश ब्राऊन वेगळ्या पॅनमध्ये तेलात करून देईन, साडेअकराच्या आत या.

म्हापसेकरीण

काल जाऊन आलो. आज सोमवार, शिवराक म्हणजे मासळी-मांस बंद. एरवी कुरकुरते, आज बरंच वाटतंय.

बिस्किटाला पदर होते. सासूबाईंनी ते फोडलं, वास घेतला आणि लोणी लावून अर्धं एकटीने संपवलं. ग्रेव्ही भाच्याने आणि मी खाल्ली, मिरी जबरदस्त. फ्लोरेंटाइनच्या कडेला पिवळं तेल होतं. भाचा म्हणत होता, राहू दे मामी. मी परत पाठवलं आणि नवं आलं ते खरोखर रेशमी होतं. ग्रिट्सवरच्या सुंगटांना सासूबाईंनी मान डोलावली, मग म्हणाल्या, "आंबट काहीच नाही गो याला?" वेटरकडून लिंबू मागवून पिळलं, तेव्हा कुठे वाटी पुढे ओढली. वॉफल मला झेपलं नाही, सिरप आणि तिखट एकत्र जातच नाही माझ्या घशाखाली. हे घरून चार पाव खाऊन आले होते आणि मॅक अँड चीज त्यांनीच पुसून खाल्लं.

हॅश ब्राऊन वेगळ्या पॅनमधले आले खरे, पण मधे मऊ आणि ओलसर. का?

पेडण्याचा तारवटी

किसल्यावर बटाटा फडक्यात घट्ट पिळला नाही, किंवा पॅन तापायच्या आधी घातला. पिळून, पातळ थापून, एका बाजूने लाल होईपर्यंत हात न लावता ठेवायचा. घरी करून बघा, दिवाडकरभाईंचे पाचशेही वाचतील.

हॉटेलचं नाव खासगी निरोपात कळवा. फोनवर खरं सांगणारा माणूस आहे तिथं, पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन जातो.

दिवाडकर

मलाही कळवा.